तसबिरीतील कुंकू काळे का?



आपल्याकडे जुन्या घरांच्या माजघरात, देव्हाऱ्याच्या वर किंवा ओसरीच्या भिंतीवर, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची एखादी तसबीर टांगलेली असते. पणजोबा खुर्चीवर बसलेले, पणजी शेजारी उभी, मागे पडदा. ही तसबीर खाली काढून, काच पुसून, उजेडात जरा बारकाईने पाहा. पणजीच्या कपाळावरचे कुंकू काळे दिसेल. पणजोबांचा फेटा भगवा होता असे घरात सांगतात, पण तसबिरीत तो जवळजवळ काळाच आहे. उलट एखादीने आकाशी रंगाचे लुगडे नेसलेले असेल, तर ते धुवट पांढरे आलेले असते. फोटो बाहेर अंगणात काढलेला असेल, तर वरचे आभाळ कोऱ्या कागदासारखे दिसते. त्यात ढगाचा मागमूस नसतो.

कोणी म्हणेल, "अहो, जुना फोटो तो! काळा-पांढराच यायचा." ते खरे, पण काळ्या-पांढऱ्या फोटोतसुद्धा न्याय असावा लागतो. लाल कुंकू डोळ्याला झळझळीत दिसते; मग फोटोत ते करडे का नाही, काळे का? आकाशी लुगडे मध्यम करडे यावे, ते पांढरे का? याचे उत्तर शोधता शोधता आपण कोळशाच्या डांबरापाशी, कापड रंगविणाऱ्या कारखान्यांपाशी आणि झाडाच्या हिरव्या पानापाशी जाऊन पोहोचतो. आजच्या भाषणात ही वाट आपण मिळून चालू या.

प्रथम फोटो कसा होतो ते थोडक्यात पाहू. चांदीची काही संयुगे उजेडाने बदलतात. त्यांतले मुख्य म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइड. त्याचे अगदी बारीक कण सरसासारख्या जिलेटिनमध्ये कालवून काचेवर पसरले, की फोटोची काच तयार होते. ज्या कणावर उजेड पडतो तो कण पुढे रसायनात बुडविल्यावर काळ्या चांदीचा होतो. जिथे उजेड जास्त, तिथे काळे जास्त. ही झाली निगेटिव्ह, म्हणजे उलटी प्रतिमा. तिच्यावरून कागदावर छापले, की पुन्हा उलटे होऊन सुलटी तसबीर मिळते.

आता खरी गोम इथे आहे. सिल्व्हर ब्रोमाइडला सगळा उजेड सारखा कळत नाही. सूर्याचा पांढरा उजेड काचेच्या लोलकातून सोडला, की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा पडतो, हे शाळेतली मुलेही जाणतात. या पट्ट्यातला जांभळा आणि निळा एवढाच भाग ब्रोमाइडला जागवतो. हिरव्याकडे ते जवळजवळ डोळेझाक करते, आणि पिवळ्या-तांबड्याच्या बाबतीत तर ते ठार आंधळे असते. म्हणूनच तालुक्याच्या गावच्या फोटोग्राफरच्या अंधारखोलीत लाल दिवा लावलेला असे. त्या दिव्याने कागद बिघडत नसे. त्याला तो दिवा दिसतच नव्हता!

कुंकवावरून परत येतो तो उजेड बहुतेक सगळा तांबडा. काचेच्या दृष्टीने तिथून काहीच आले नाही, म्हणून तिथे काळोख. हळदीचे तेच, भगव्या फेट्याचे तेच. निळ्या आभाळातून मात्र काचेला आवडणारा उजेड भरभरून येतो, पांढऱ्या ढगातूनही येतो; दोन्ही सारखीच पांढरी होतात आणि ढग आभाळात हरवून जातो.

हे आंधळेपण कसे गेले? त्यासाठी थोडे मागे, १८५६ सालात जाऊ. हिवतापावर क्विनाईन देतात हे आपल्या खेड्यांत सर्वांना ठाऊक आहे. हे औषध झाडाच्या सालीपासून मिळे आणि महाग पडे. लंडनमधला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा ते कृत्रिम रीतीने करता येते का पाहत होता. कोळशापासून गॅस काढताना जे काळे डांबर उरते, त्यातून मिळणाऱ्या ॲनिलिन या द्रव्यावर त्याचे प्रयोग चालले होते. क्विनाईन काही मिळाले नाही. पण हाती आलेल्या काळ्या गाळातून एक सुंदर जांभळा रंग निघाला. रेशीम त्याने छान रंगे. कोळशाच्या डांबरातून रंग काढण्याच्या मोठ्या उद्योगाची ही सुरुवात. पुढच्या काही दशकांत या रंगांनी मंजिष्ठाला आणि शेवटी निळीलाही मागे सारले, हा इतिहास निळीच्या शेतकऱ्यांनी भोगलेला आहे.

त्याच १८५६ साली ग्रेव्हिल विल्यम्स या रसायनशास्त्रज्ञाला आणखी एक निळा रंग सापडला. त्याचे नाव सायनीन. दिसायला देखणा, पण कापडाच्या कामाला कुचकामी. कारण उन्हात धरला की उडून जाई. धोब्याकडून एकदा आले की लुगडे फिके. असला रंग कोण घेणार? व्यापाराने त्याला बाजूला टाकले. पण श्रोतेहो, हे नाव लक्षात ठेवा. टाकून दिलेल्या या रंगाचे भाऊबंद पुढे फोटोच्या काचेला दृष्टी देणार आहेत.

आता १८७३ साल. बर्लिनमध्ये हेरमान विल्हेल्म व्होगेल नावाचे प्राध्यापक छायाचित्रणाचे रसायन शिकवीत. माणूस मोठा उद्योगी. १८६८ च्या ऑगस्टमधल्या खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो घेण्यासाठी ते एडनपर्यंत गेले होते. ग्रहणाची तीच सावली पुढे समुद्र ओलांडून आपल्या कोकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूरकडे गेली. तर हे व्होगेल इंग्लंडहून आलेल्या काही तयार काचांवर वर्णपटाचा फोटो घेऊन पाहत होते. त्यांना दिसले ते विपरीत होते. या काचांना निळ्यापेक्षा हिरवा उजेड जास्त लागत होता!

दुसरा एखादा म्हणाला असता, काचा खराब आल्या. व्होगेल यांनी तसे केले नाही. काचेवर पिवळसर रंगाचा लेप दिलेला त्यांना आढळला. उजेड काचेच्या पाठीवरून उलटून येऊन फोटो फिसकटू नये, एवढ्यासाठीच कारखानदाराने तो लावला होता. व्होगेल यांनी अल्कोहोलने तो रंग धुऊन काढला आणि पुन्हा फोटो घेतला. काचेची हिरवी दृष्टी गेली! म्हणजे गुण त्या रंगात होता. मग त्यांनी मुद्दाम निरनिराळे डांबरी रंग घेऊन काचा रंगविल्या. कोरॅलीन नावाच्या रंगाने काचेला पिवळा उजेड कळू लागला. ॲनिलिनच्या हिरव्या रंगाने तांबडा कळू लागला. त्यावरून त्यांनी नियम बांधला. तो असा: जो रंग जो उजेड गिळतो, त्याच उजेडाची दृष्टी तो काचेला देतो.

त्यांनी एक सोपी परीक्षाही केली. पिवळ्या कापडावर निळी रेशमी फीत ठेवून फोटो घेतला. साध्या काचेवर पिवळे कापड काळे आणि निळी फीत पांढरी आली. डोळ्याला दिसते त्याच्या अगदी उलट. मग कोरॅलीनने रंगविलेली काच घेतली, निळा उजेड कमी करायला समोर पिवळी काच धरली, आणि फीत गडद व कापड उजळ असा खरा फोटो मिळाला.

इतके स्वच्छ काम; पण लोकांना पटले का? लगेच नाही. कित्येकांनी प्रयोग करून पाहिला, त्यांना तसा परिणाम मिळाला नाही, आणि त्यांनी व्होगेल यांच्यावर अविश्वास दाखविला. शास्त्रात असे होते आणि ते व्हावेही, कारण एकाने सांगितले म्हणून मानायचे नाही, ही तिथली रीत आहे. व्होगेल यांच्या बाजूने साक्ष आली ती फ्रान्समधून. १८७४ साली एदमों बेकरेल यांनी डांबरी रंग न घेता झाडाच्या पानातला हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, घेतले. ते काचेत घालताच काचेला तांबडा उजेड कळू लागला. आपल्या शेतातले पान रोज हेच करीत असते, नाही का? पान तांबडा आणि निळा उजेड गिळते, हिरवा परत टाकते, म्हणून ते हिरवे दिसते. आणि गिळलेल्या उजेडाची शक्ती शेजारच्या कामाला देते. काचेवरचा रंगही तेच काम करतो.

पण हे घडते कसे? तांबडा किरण हा शक्तीने दुबळा, निळा किरण बळकट. ब्रोमाइडच्या कणात एका विजाणूला, म्हणजे इलेक्ट्रॉनला, जागेवरून उडवून मोकळे करायचे असते. समजा, एक उंच भिंत आहे. जमिनीवरून उडी मारून ती गाठायची तर मोठी ताकद पाहिजे. ती निळ्या किरणात आहे, तांबड्यात नाही. पण भिंतीला लागून ओटा बांधला, तर ओट्यावरून लहानशा उडीतही भिंत गाठता येते. रंगाचा रेणू म्हणजे हा ओटा. त्याच्यातला विजाणू आधीच उंचावर बसलेला असतो; तांबड्या किरणाचा थोडा धक्काही त्याला पुरतो आणि तो ब्रोमाइडच्या कणात जाऊन पडतो. मात्र ओटा भिंतीला चिकटून हवा. म्हणूनच प्रत्येक रंग चालत नाही. जो कणाच्या पृष्ठभागाला घट्ट बिलगतो तोच चालतो. आणि तोही अगदी थोडा, रेणूंचा एक पातळ थर होईल एवढाच. जास्त ओतला तर काच अधिक तेज न होता उलट मंद होते. मिठासारखे आहे हे; चिमूटभर चव आणते, मूठभर सगळे बिघडवते.

यानंतर रंगांचा शोध जोरात सुरू झाला. लाल शाईत वापरतात तो इओसीन रंग १८८२-८३ च्या सुमारास काचांत आला. १८८४ साली व्हिएन्नाचे योझेफ मारिया एडर यांनी त्याचाच भाऊ एरिथ्रोसीन अधिक गुणकारी असल्याचे दाखविले. हा एरिथ्रोसीन आपल्याला परका नाही. खाण्याच्या पदार्थांत घालण्यास आपल्या देशात ज्या मोजक्या कृत्रिम रंगांना परवानगी आहे, त्यांत तो आहे. हे लाल रंग हिरवा उजेड गिळतात. म्हणून या काचांना हिरवे व पिवळे दिसू लागले. हळद सुधारली, झाडांची पाने सुधारली. कुंकू मात्र काळे ते काळेच राहिले. तांबड्याचे आंधळेपण कायम होते. आपल्या घरच्या पुष्कळ तसबिरी या दुसऱ्या जातीच्या काचांवरच्याही असू शकतात.

तांबड्यासाठी पुन्हा त्या टाकलेल्या सायनीनची आठवण झाली. त्याने काचेला तांबडे कळे, पण काच धुरकटे. मग जर्मनीत त्याच कुळातले नवे नवे रंग करण्याचा सपाटा सुरू झाला. १८९८ साली व्होगेल वारले. त्यांच्या जागी आलेले आडोल्फ मीथे यांनी आर्थर ट्राउबे यांच्यासह १९०२ च्या सुमारास एथिल रेड हा रंग पुढे आणला. १९०५ मध्ये ह्योख्स्ट येथील रंगांच्या कारखान्यात बेनो होमोल्का यांना पिनासायनॉल मिळाला आणि तांबडा उजेड खऱ्या अर्थाने काचेच्या आवाक्यात आला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॅटन आणि वेनराइट या कंपनीने सर्व रंग कळणाऱ्या, म्हणजे पॅनक्रोमॅटिक काचा विकायला काढल्या. आता अंधारखोलीतला लाल दिवा बंद झाला! या काचा पूर्ण काळोखात, हातांच्या अंदाजाने धुवाव्या लागत. काचेला डोळा आला, म्हणून माणसाला आंधळेपणाने काम करावे लागले, गंमतच म्हणायची.

पण ही विद्या जर्मनांच्या मुठीत होती, आणि १९१४ साली महायुद्ध पेटले. विमानातून शत्रूच्या खंदकांचे फोटो घ्यायचे म्हणजे पहाटेचा तांबूस उजेड आणि मधले धुके. धुके निळा उजेड विखरून टाकते. साध्या काचेला त्यामुळे खालचे काहीच नीट दिसत नाही. तांबडे पाहणारी काच हवी आणि तिचा रंग तर शत्रूच्या देशात! तेव्हा केंब्रिजमध्ये विल्यम पोप आणि विल्यम मिल्स यांनी आपल्या प्रयोगशाळेत हे रंग बनविण्याचे काम हाती घेतले. दोस्त राष्ट्रांच्या काचांना लागणारे जवळजवळ सर्व रंग तिथून पुरविले गेले. लुगड्याच्या बाजारात ज्याला कोणी विचारले नाही, त्या रंगाच्या वंशजांसाठी राष्ट्रांनी अशी धावपळ केली.

रंगीत छायाचित्रणाचेही दार याच किल्लीने उघडले. एकच दृश्य तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन वेळा टिपायचे आणि ते तिन्ही उजेड पुन्हा एकत्र पाडायचे, ही युक्ती माहीत होती. पण काचेला तांबडे दिसतच नसेल तर युक्ती काय कामाची? मीथे यांच्याकडे १९०२ मध्ये शिकून गेलेले रशियन छायाचित्रकार प्रोकुदिन-गोर्स्की यांनी पुढे झारच्या रशियातील शेतकरी, मठ, नद्या असे रंगीत टिपले, की ते कालचेच वाटतात. १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी आणखी मौजेची काच विक्रीला आणली. तिच्यासाठी त्यांनी काय वापरले असेल? बटाट्याचे पीठ! पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरवे आणि जांभळट निळे असे तीन कृत्रिम रंगांत रंगवून, मिसळून काचेवर एकेरी थरात पसरायचे, मधल्या फटी कोळशाच्या भुकटीने बुजवायच्या, आणि त्यावर सर्व रंग पाहणारा चांदीचा थर द्यायचा. तो प्रत्येक कण म्हणजे एक इवलीशी रंगीत खिडकी. आल्बेर काह्न या फ्रेंच धनिकाने १९०९ ते १९३१ पर्यंत जगभर माणसे पाठवून अशा सुमारे ७२,००० काचा जमविल्या. त्याचा एक छायाचित्रकार, स्तेफान पासे, १९१३-१४ मध्ये भारतातही येऊन गेला.

आपल्याकडचे धागेही या कहाणीत आहेत. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईच्या धंद्यात होते, आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला गेले होते. तीन रंगांची छपाई म्हणजे तीन निगेटिव्ह, आणि त्यासाठी रंग ओळखणारी काच आलीच. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हाच्या नेहमीच्या फिल्मला मात्र तांबडे जवळजवळ कळत नव्हते. पुढे १९३३ मध्ये प्रभात कंपनीने ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत करण्यासाठी जर्मनीत नेला. रंग मनासारखे उतरले नाहीत. पण कोल्हापुरात घेतलेले चित्र रंगासाठी इतक्या दूर नेण्याची जिद्द लक्षात ठेवण्यासारखी आहे.

श्रोतेहो, आता ज्यासाठी हे सगळे सांगितले त्या मुद्द्यावर येतो. फोटो हा पुरावा, असे आपण मानतो. "फोटोत आहे ना, मग झाले!" पण जुन्या काचेला तांबडे-पिवळे दिसत नव्हते, आणि आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीवरून परत येणाऱ्या उजेडात तांबडा-पिवळा भागच मोठा. त्यामुळे त्या काचांवर आपली माणसे होती त्याहून काळी उमटली. १८६८ ते १८७५ या वर्षांत लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. हिंदुस्थानातील जातीजमातींचे फोटो आणि शेजारी त्यांचे वर्णन, असा तो संग्रह. परदेशातल्या वाचकाने ते चेहरे पाहून आपली मते बनविली असतील. त्याला हे कोण सांगणार, की काच अर्धी आंधळी आहे? काचेने जाणूनबुजून खोटे सांगितले असे नव्हे. तिला जेवढे दिसले तेवढेच तिने सांगितले. पण अर्धे पाहणाऱ्याची साक्ष पूर्ण धरली, की ज्याच्याविषयी साक्ष, त्याच्यावर अन्याय होतो. घरातही हे चालतेच. "पणजी फार काळी होती हो," असे तसबिरीकडे बोट दाखवून म्हणतात. ती तशी असेल किंवा नसेल. तो फोटो मात्र त्याचा साक्षीदार नाही. आणि माणसाचे मोल कातडीवरून करू नये, ही गोष्ट तर फोटोच्याही आधीची.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. पैसा लागत नाही. दुकानात गडद निळा जिलेटिनचा कागद मिळतो. त्याच्या दोन-तीन घड्या करून मुलांना डोळ्यांसमोर धरायला सांगा. ताटात कुंकू, हळद, झेंडूचे फूल, हिरवे पान आणि निळीची पूड मांडा. कुंकू काळे होईल, हळद आणि झेंडू काळवंडतील, निळी उजळ राहील. १८७३ पूर्वीच्या काचेला जग साधारण असेच दिसत असे. मग मुलांना घरची जुनी तसबीर पाहून यायला सांगा आणि विचारा, यातले कोणते काळे खरे काळे असेल? मुले वाद घालतील. घालू द्या. वडीलधाऱ्यांना विचारतील, "आजी, हे लुगडे कोणत्या रंगाचे होते?" त्या निमित्ताने चार जुन्या गोष्टी निघतील, त्या वहीत उतरवून घ्यायला लावा, कारण तो रंग आता त्या आठवणीशिवाय कुठेच उरलेला नाही.

हातातल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात आज चांदी नाही, ब्रोमाइड नाही. पण त्याच्या आतही तांबड्या, हिरव्या, निळ्या बारीक गाळण्यांची जाळी बसविलेली असते. बटाट्याच्या पिठाच्या त्या खिडक्यांचीच ती नात म्हणा. म्हणून आजही फोटो पाहताना एक प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावू या: या डोळ्याला काय दिसले, आणि काय दिसू शकत नव्हते? व्होगेल यांनी विचित्र आलेली काच फेकून न देता नेमका हाच प्रश्न विचारला होता.